हा आकडा कोणाच्या तोंडचा?

जुना लॅपटॉप विकणारा माणूस एक गोष्ट आवर्जून दाखवतो. चार्जर काढतो आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट करतो: बॅटरी १०० टक्के. तो खोटं बोलत नसतो. बॅटरी आज जेवढी भरू शकते तेवढी ती भरली आहे, एवढंच तो आकडा सांगतो. कारखान्यातून निघाली तेव्हा ती किती भरायची आणि त्यातलं आता किती उरलंय, याचा त्या चिन्हात पत्ताच नसतो. यंत्राला मात्र ते माहीत असतं. लिनक्समध्ये ते दोन छोट्या फायलींत लिहिलेलं सापडतं, आणि त्या वाचायला पासवर्डही लागत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिममधले ड्रायव्हर हार्डवेअरची माहिती आपल्यापर्यंत कशी पोचवतात, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कळायला हवंच. पण मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जुनी यंत्रं चाळणाऱ्याला किंवा वाय-फाय का दिसत नाही म्हणून वैतागलेल्यालाही त्याचा उपयोग होतो. त्यासाठी सवय एकच लावून घ्यायची: समोर आलेला आकडा कोणाच्या तोंडचा आहे, हे विचारायचं. चिपने आत्ता मोजलेला, फर्मवेअरमध्ये कोणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेला, की ड्रायव्हरने हिशोब करून काढलेला? तिघांच्याही फायली दिसायला अगदी सारख्या असतात, म्हणूनच फसगत होते.

इथली उदाहरणं लिनक्सची आहेत. उबुंटू किंवा फेडोरा पेनड्राइव्हवरून, आतल्या डिस्कला धक्का न लावता सुरू करता येतं. त्यामुळे दुकानात उभ्या उभ्याही हे सगळं करून पाहता येईल. फायलींची आणि आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहावीत. ‘बॅट०’सारखं एखादं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि लिनक्सला हा फरक चालत नाही. तेव्हा पहिली एक-दोन अक्षरं, मोठी असतील तर मोठीच, टाइप करून टॅब दाबावं, पुढचं नाव आपोआप येतं.

साध्या प्रोग्रामला हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही, प्रोसेसरच त्याला अडवतो. तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, आणि त्याच्यातल्या ड्रायव्हरांचा. मग प्रोग्रामने विचारायचं कसं? ज्याच्या धर्तीवर लिनक्स बनलं त्या युनिक्सने पहिल्यापासून याचं उत्तर ‘फाइल’ असं दिलं. ‘/डेव्ह’ या फोल्डरात ‘एलएस -एल’ करून पाहा. तिथल्या डिव्हाइस फायलींपुढे आकाराच्या जागी दोन आकडे दिसतात. ‘/डेव्ह/एसडीए’पुढे ८ आणि ०. पहिल्यावरून कर्नल ड्रायव्हर ओळखतो, दुसऱ्यावरून त्या ड्रायव्हरच्या हाताखालचं नेमकं यंत्र. पण हे दार मुख्यतः डेटा नेण्या-आणण्याचं. यंत्र कोणत्या कंपनीचं, किती तापलंय, हे इथे साध्या वाचनाने कळत नाही.

दुसरं दार ‘/प्रॉक’. ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसाठी मांडली, आणि तीही चालू प्रोसेस तपासण्यासाठी. लिनक्समध्ये मात्र जो तो ड्रायव्हर आपलं बिऱ्हाड तिथेच मांडू लागला. प्रत्येक फाइलीची मांडणी वेगळी. ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ इंटेलच्या यंत्रावर एक रूप दाखवते आणि रास्पबेरी पायवर दुसरंच. ती वाचायला लिहिलेला प्रोग्राम यंत्र बदललं की कोसळतो.

त्यातून सुटका म्हणून ‘सिसएफएस’ आली. पॅट्रिक मोशेल यांनी ती लिहिली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलबरोबर ती सर्वत्र पोचली. ‘/सिस’ या फोल्डरात ती असते. तिचा मूळ नियम असा, की एका फाइलीत एकच किंमत. माझ्या मते लिनक्समधल्या सगळ्यात शहाण्या निर्णयांपैकी हा एक आहे. या नियमामुळेच ज्याला प्रोग्रामिंग येत नाही तोही ‘कॅट’ या एका आज्ञेवर यंत्राची चौकशी करू शकतो.

या फायली डिस्कवर कुठेही नसतात. ड्रायव्हर लिहिणारा प्रत्येक गुणधर्मासाठी ‘शो’ नावाचं एक फंक्शन देतो. बाहेरून बदलता येण्याजोगा गुणधर्म असेल तर ‘स्टोअर’ही देतो. तुम्ही फाइल वाचता त्या क्षणी ते ‘शो’ चालतं आणि त्याने दिलेला मजकूर तुमच्या हाती पडतो. ‘एलएस’ या फायलींचा आकार ४०९६ बाइट दाखवतं, आत असतात दोन-चार अक्षरं. ४०९६ म्हणजे मजकुरासाठी राखलेलं मेमरीचं एक पान, बाकी काही नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि ती सहसा कोणी ध्यानात घेत नाही: वाचणं म्हणजे यंत्राला त्रास देणं. काही आकडे ड्रायव्हरच्या गाठीशी असतात, ते लगेच मिळतात. काहींसाठी तो चिपला विचारायला जातो. हार्ड डिस्कचं तापमान सांगणारा ‘ड्राइव्हटेम्प’ हा ड्रायव्हर घ्या. त्याच्या कागदपत्रांतच इशारा आहे, की काही डिस्कवर तापमान वाचल्याने झोपण्याची घटका पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. दर काही सेकंदांनी तापमान विचारणारा एखादा सुंदर आलेख डेस्कटॉपवर लावून ठेवला, तर डिस्क कधी थांबणारच नाही.

आता बॅटरीकडे. ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ या फोल्डरात जा. ‘बॅट०’ किंवा ‘बॅट१’ दिसेल. त्यातली ‘कपॅसिटी’ ही फाइल म्हणजे कोपऱ्यातला तो टक्क्यांचा आकडा. तो सोडून द्या. ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ आणि ‘एनर्जी_फुल’ या दोन फायली वाचा. पहिलीत मूळ क्षमता असते, दुसरीत आजची. एकक मायक्रोवॉट-तास, म्हणून आकडे लांबलचक दिसतात. समजा पहिलीत ५,००,००,००० आणि दुसरीत ३,८०,००,००० आहे. म्हणजे ५० वॉट-तासांची बॅटरी आता ३८ वरच पूर्ण भरते, ७६ टक्के उरली. विकणाऱ्याचे १०० टक्के ते या ३८ चे.

काही लॅपटॉपवर ‘एनर्जी’ नावाच्या फायलीच नसतात. त्यांच्या जागी ‘चार्ज_फुल_डिझाइन’ आणि ‘चार्ज_फुल’ असतात, एकक मायक्रोअँपिअर-तास. फर्मवेअर ज्या भाषेत उत्तर देतं त्याच भाषेत ड्रायव्हर ते पुढे करतो. गुणोत्तर तसंच काढायचं. फक्त एका यंत्राची ‘एनर्जी’ दुसऱ्याच्या ‘चार्ज’शी ताडून पाहू नका, त्यांच्यामध्ये व्होल्टेजचा हिशोब येतो.

हा आकडा कोणाच्या तोंडचा, ते आता बघू. बॅटरीच्या आवरणातच एक मोजणारी चिप असते. आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा ती हिशोब ठेवते आणि पूर्ण क्षमतेचा अंदाज बांधते. मदरबोर्डावरचा छोटा नियंत्रक तिला विचारतो. एसीपीआय या ठरलेल्या पद्धतीने फर्मवेअर तो आकडा कर्नलला देतं आणि लिनक्सचा बॅटरी ड्रायव्हर त्याची फाइल करतो. ड्रायव्हरने स्वतः काहीच मोजलेलं नाही. ‘एनर्जी_फुल’ हा चिपचा अंदाज आहे. बरेच महिने बॅटरी पूर्ण उतरवून पूर्ण भरलेली नसेल, तर तो चुकलेला असू शकतो. चार्जिंगच्या फेऱ्या मोजणाऱ्या ‘सायकल_काउंट’चंही तसंच. तिथे शून्य दिसलं म्हणून बॅटरी नवी समजू नका. अनेक यंत्रांचं फर्मवेअर ही मोजणी पुढे देतच नाही, त्याचं ते शून्य.

म्हणून दुकानात अर्धा तास मिळत असेल तर चार्जर काढून ठेवा, एखादा व्हिडिओ चालू करा आणि ‘एनर्जी_नाउ’ किंवा ‘चार्ज_नाउ’ अधूनमधून वाचत राहा. आकडा सावकाश, एकसारखा उतरत गेला तर चिपच्या अंदाजावर भरवसा ठेवायला हरकत नाही. मधेच धाडकन खाली आला तर कागदावरचे ७६ टक्के विसरा आणि नव्या बॅटरीची किंमत वजा करून बोलणी करा. ज्यांना विंडोजच सोयीचं वाटतं त्यांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा द्यावी. मूळ आणि सध्याची क्षमता तिथेही मिळते. उगम तोच, फक्त वाट वेगळी.

डिस्कच्या बाबतीत ‘/सिस/ब्लॉक/एसडीए/साइज’ ही फाइल वाचा. एसडीएच्या जागी तुमच्या डिस्कचं नाव येईल. आतला आकडा बाइटमध्ये नसतो, ५१२ बाइटच्या तुकड्यांत असतो. डिस्क आतून ४०९६ बाइटचे तुकडे वापरत असली तरी ही फाइल ५१२ नेच मोजते. नवशिके प्रोग्रामर इथे हमखास आठपट चुकतात. ५०० जीबीच्या डिस्कवर तिथे बहुधा ९७,६७,७३,१६८ दिसेल. ५१२ ने गुणलं की ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट.

पण हा आकडाही डिस्कनेच स्वतःबद्दल सांगितलेला असतो. ‘तुझी क्षमता किती?’ असं ड्रायव्हर विचारतो आणि जे उत्तर येईल ते छापतो. फुटपाथवर स्वस्तात मिळणाऱ्या, दोन टीबी लिहिलेल्या पेनड्राइव्हचं सगळं बिंग यातच आहे. तिच्या नियंत्रक चिपला खोटं उत्तर शिकवलेलं असतं, म्हणून लिनक्स, विंडोज, मॅक सगळेच दोन टीबी दाखवतात. ड्रायव्हरकडे खरं काढण्याचा मार्ग नसतो. मार्ग एकच: ती पूर्ण भरून परत वाचणं. ‘एफ३’ नावाचा मोफत प्रोग्राम तेवढंच करतो. वेळ खातो, पण खोट्याला उघडं पाडतो. ‘क्यू/रोटेशनल’ या फाइलीतही जपून. १ म्हणजे फिरणारी डिस्क, ० म्हणजे एसएसडी. पण यूएसबी डब्यात घातलेली एसएसडी बरेचदा १ सांगते, कारण मधल्या चिपला तो प्रश्नच कळत नाही.

डिस्क किती तास चालली आहे, किती जागा खराब झाल्या आहेत, ही माहिती ‘/सिस’मध्ये मिळत नाही. त्यासाठी ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ ही आज्ञा आणि पुढे डिस्कची फाइल द्यावी लागते. ‘सुडो’, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, का लागतात ते समजून घेण्यासारखं आहे. हा प्रोग्राम ‘आयओसीटीएल’ नावाची हाक वापरतो. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून ती आहे. वाचणं-लिहिणं यांत न बसणारं जे काही यंत्राला सांगायचं, ते सगळं या एका हाकेतून जातं. ज्या वाटेने डिस्कची तब्येत विचारता येते, त्याच वाटेने तिला सगळं पुसून टाकायची आज्ञाही देता येते. म्हणून कर्नल ती कोणालाही मोकळी ठेवत नाही.

आता वाय-फाय. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या. प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे चौकोनी कंसात विसर्गचिन्हाने जोडलेले दोन क्रमांक दिसतील. पहिला कंपनीचा, दुसरा तिच्या उत्पादनाचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरवरून घेतलेला. हे क्रमांक चिपमध्येच कोरलेले असतात. यंत्र सुरू होताना कर्नलचा पीसीआय विभाग ते वाचतो आणि मग योग्य ड्रायव्हर शोधतो. ‘मॉडएलियस’ या फाइलीत हेच क्रमांक एका ओळीत बांधलेले असतात, त्यावरून ड्रायव्हर चढवला जातो.

म्हणजे उपकरणाचं नाव दिसतं, याचा अर्थ त्याचा ड्रायव्हर मिळाला असा मुळीच नाही. नाव सांगणारा वेगळा, चालवणारा वेगळा. ‘कार्ड दिसतंय पण नेटवर्क दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर त्या उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का ते पाहा. नसेल तर ड्रायव्हरच जोडला गेलेला नाही. असेल आणि तरीही काम होत नसेल, तर ‘सुडो डीएमईएसजी’मध्ये ड्रायव्हरचं नाव शोधा. फर्मवेअरची फाइल सापडली नाही अशी तक्रार तिथे बहुधा लिहिलेली असते. मदत मागताना ‘डेल लॅपटॉपवर वाय-फाय चालत नाही’ असं लिहिण्यापेक्षा ते दोन क्रमांक द्या, उत्तर लवकर मिळतं. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळी कार्डं बसवलेली असतात.

यूएसबीतही अशीच जोडी असते, ‘एलएसयूएसबी’ ती दाखवतं. पण ही ओळख काही वेळा पुसता येण्याजोग्या स्मृतीत असते, आणि त्यावरून एक मोठं प्रकरण घडलं. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी-सिरिअल चिपच्या नकला बाजारात भरपूर होत्या. मूळ चिपचेच क्रमांक सांगून त्या मूळ ड्रायव्हरवर चालायच्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने अशा नकली चिपमधला उत्पादन क्रमांक शून्य करून टाकला. ज्यांना आपली चिप नकली आहे हे ठाऊकही नव्हतं, त्यांची उपकरणं एका रात्रीत अनोळखी झाली. मोठी ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सवाल्यांनी गाजावाजा न करता शून्य हा क्रमांकही आपल्या ड्रायव्हरच्या यादीत घालून टाकला. नकलेचं समर्थन करायचं कारण नाही, पण ग्राहकाच्या हातातली वस्तू मारून टाकणं ड्रायव्हरचं काम नव्हे.

तापमान आणि पंखे ‘/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन’मध्ये सापडतात. ‘टेम्प१_इनपुट’मध्ये ४७००० दिसलं तर घाबरू नका, ते अंश सेल्सिअसचे हजारावे भाग आहेत, म्हणजे ४७ अंश. पंख्याचा आकडा मिनिटाला फेऱ्यांचा. इथे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी एक नियम पाळावा: ‘एचडब्ल्यूमॉन२’ असं नाव कधीही पक्कं लिहून ठेवू नका. ड्रायव्हर ज्या क्रमाने चढतात त्या क्रमाने हे आकडे मिळतात, आणि पुढच्या वेळी क्रम बदलू शकतो. प्रत्येक फोल्डरातली ‘नेम’ ही फाइल वाचून ‘कोअरटेम्प’ किंवा ‘के१०टेम्प’ शोधा. पहिला इंटेलचा, दुसरा एएमडीचा. डिस्कलाही हेच लागू. आजची एसडीए उद्या एसडीबी होईल. ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मधली नावं वापरा, ती डिस्कच्या अनुक्रमांकावरून यूडेव्ह हा उपकरणांच्या फायली सांभाळणारा प्रोग्राम बनवतो. चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट चालवून बसलेल्या लोकांची संख्या कमी नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आणखी काही. ‘एलएसपीसीआय’चं उत्तर माणसांसाठी आहे, ते तोडून-मोडून प्रोग्राममध्ये वापरू नका. थेट ‘/सिस’ वाचा किंवा लिबयूडेव्ह वापरा. फाइल आहे म्हणजे ती वाचता येईलच असं नाही. नेटवर्क कार्डची ‘स्पीड’ ही फाइल जोडणी बंद असताना वाचली तर आकडा न येता चूक येते, आणि ते बरोबरच आहे: जोडणीच नाही तर वेग कसला? उपकरण मधेच उपसलं गेलं तर अख्खं फोल्डरच नाहीसं होतं, त्याचीही तयारी ठेवा. किमतीच्या शेवटी बहुधा नवी ओळ असते, ती काढून टाका. तीच फाइल पुन्हा वाचायची असेल तर आधी सुरुवातीला परत जा. बदल कळावा म्हणून ‘आयनोटिफाय’ लावून बसू नका, ‘/सिस’मध्ये ते बदलाची खबर देत नाही. मोजक्याच फायली ‘पोल’ने जागं करतात. बाकीच्यांसाठी कर्नल जे ‘यूइव्हेंट’ पाठवतो ते ऐका. ते कसे दिसतात हे पाहायचं तर ‘यूडेव्हॅडम मॉनिटर’ चालू करून एखादी पेनड्राइव्ह लावा आणि काढा.

कोणत्या फाइलीवर विसंबायचं हेही ठरलेलं आहे. कर्नलच्या मूळ संहितेत ‘डॉक्युमेंटेशन/एबीआय’ नावाचं फोल्डर आहे. कोणती फाइल पक्की, कोणती चाचणीत, कोणती जाणार, याच्या नोंदी तिथे असतात. ‘/सिस/कर्नल/डीबग’मध्ये दिसणाऱ्या गोष्टींना असलं कोणतंही वचन नाही. ती ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची स्वतःची वही आहे, तिच्यावर आपला प्रोग्राम उभा करणं म्हणजे पुढच्या अपडेटला तोंडघशी पडणं.

परवानग्यांची चीड येते खरी. सिरिअल पोर्ट उघडत नाही म्हणून लोक सरळ ‘चमॉड ७७७’ करतात किंवा अख्खा प्रोग्राम रूट (प्रशासक) म्हणून चालवतात. डेबियन आणि उबुंटूवर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घालून एकदा लॉगआउट होऊन परत यावं, काम होतं. वेगळं उपकरण असेल तर यूडेव्हचा एका ओळीचा नियम पुरतो. आणि निरुपद्रवी वाटणारा आकडाही धोक्याचा असू शकतो. इंटेलचे प्रोसेसर आपण किती ऊर्जा खर्च केली ते मोजतात आणि लिनक्स तो आकडा ‘एनर्जी_यूजे’ या फाइलीत कोणालाही दाखवत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्रात्सच्या तांत्रिक विद्यापीठातले आणि इतर संशोधक ‘प्लॅटिपस’ नावाचा हल्ला घेऊन पुढे आले. प्रोसेसर कोणत्या सूचना चालवतोय आणि कर्नल मेमरीत कुठे बसलाय, याचा माग त्यांनी नुसत्या विजेच्या आकड्यांवरून काढून दाखवला. तेव्हापासून ती फाइल फक्त रूटला वाचता येते. अँड्रॉइडवर तर साध्या अ‍ॅपला ‘/सिस’चा बहुतेक भाग बंदच असतो.

शेवटी राहिलं यंत्राचं स्वतःचं नाव. ‘/सिस/क्लास/डीएमआय/आयडी’मध्ये ‘प्रॉडक्ट_नेम’ वाचा आणि लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरशी ताडून पाहा. ‘प्रॉडक्ट_सिरिअल’ वाचायला ‘सुडो’ लागेल, अनुक्रमांक ही खासगी बाब धरली आहे. ही सगळी माहिती मदरबोर्डाच्या फर्मवेअरमधल्या एका तक्त्यातून येते. कर्नल तिची पडताळणी करत नाही. सातबाऱ्याचा उतारा देणारा शेतात जाऊन मोजणी करत नाही, तसंच हे. स्टिकरवरचा आणि फाइलीतला अनुक्रमांक जुळत नसेल तर मदरबोर्ड किंवा खालचं झाकण बदललेलं असण्याची शक्यता मोठी. सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपवर तिथे ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ असं इंग्रजी वाक्य सर्रास सापडतं. बोर्ड बनवणाऱ्याने पुढच्यासाठी रकाना सोडला आणि पुढच्याने तो भरलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण नामांकित कंपनीच्या लॅपटॉपवर हे वाक्य किंवा रिकामी जागा दिसली, तर विकणाऱ्याकडे दुरुस्तीचं बिल मागा.